पीएचक्यू-९ : नऊ प्रश्नांची मोफत प्रश्नावली कितपत भरवशाची?

मानसशास्त्रीय मोजमापाची नावाजलेली साधने बहुधा विकत घ्यावी लागतात, त्यांच्या परवान्याच्या अटी किचकट असतात आणि गुणदानाची किल्ली प्रकाशकाच्या ताब्यात असते. अशा बाजारात पीएचक्यू-९, म्हणजे पेशंट हेल्थ क्वेश्चनेअरचा नऊ प्रश्नांचा नैराश्यविषयक भाग, हा सुखद अपवाद म्हणावा लागेल. एका पानावर मावणारी ही प्रश्नावली कोणीही उतरवून घ्यावी, छापावी, भाषांतरित करावी आणि वाटावी. त्यासाठी परवानगी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. ती मराठीतही मिळते. महाविद्यालयांतले लघुशोधप्रबंध, कंपन्यांच्या ‘वेलनेस’ योजना, मोबाइलवरची अ‍ॅप आणि सार्वजनिक आरोग्यसेवा या सगळ्यांत ती इतकी रुळली आहे, की तिचेही गुणदोष तपासायला हवेत हे कोणाच्या फारसे मनात येत नाही. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचण्याच्या निमित्ताने माझा तिच्याशी सतत संबंध येतो आणि दर वर्षी तेच ते गैरवापर दिसतात, म्हणून हे परीक्षण.

प्रश्नावलीचा उगम १९९० च्या दशकातला आहे. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएंके यांनी प्राथमिक आरोग्यसेवेतल्या डॉक्टरांसाठी ‘प्राइम-एमडी’ नावाचे साधन १९९४ मध्ये तयार केले. त्यात डॉक्टरांचा वेळ फार जाई, म्हणून रुग्णाने स्वतःच भरायची आवृत्ती १९९९ मध्ये आली आणि त्यातला नैराश्याचा भाग २००१ मध्ये पीएचक्यू-९ या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत नैराश्याची जी नऊ लक्षणे दिली आहेत, त्या प्रत्येकावर एक, असे हे नऊ प्रश्न आहेत. कामात रस न वाटणे, उदास वाटणे, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयी वाईट वाटणे, एकाग्रता, हालचालींतला मंदपणा किंवा अस्वस्थपणा आणि शेवटी मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार, असा त्यांचा क्रम आहे. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती वेळा झाला, याचे उत्तर ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंतच्या चार पर्यायांतून द्यायचे आणि त्याला ० ते ३ गुण मिळतात. बेरीज ० ते २७ च्या दरम्यान येते. ५, १०, १५ आणि २० हे सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र नैराश्याचे उंबरठे मानले जातात.

पारदर्शकतेच्या कसोटीवर या साधनाला मी मनापासून चांगले गुण देईन. प्रश्न कोणते, ते कुठून आले, गुण कसे द्यायचे आणि १० हा उंबरठा कशाच्या आधारे ठरला, हे सगळे उघड आहे. २००१ च्या मूळ अभ्यासात ६,००० रुग्णांनी प्रश्नावली भरली होती. त्यांपैकी ५८० जणांची मानसिक आरोग्य व्यावसायिकांनी स्वतंत्रपणे मुलाखत घेतली. १० किंवा अधिक गुणांचा निकष लावला तेव्हा संवेदनशीलता (खरोखर नैराश्य असलेल्यांपैकी किती सापडले) ८८ टक्के आणि विशिष्टताही (नैराश्य नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले गेले) ८८ टक्के आली. आकडा चांगला आहे, पण त्याहून महत्त्वाचे हे, की तो पुढे अनेकांनी तपासला. ब्रूक लेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ५८ अभ्यासांतल्या १७,३५७ सहभागींची मूळ माहिती एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला. अर्धसंरचित, म्हणजे ठरलेल्या प्रश्नांबरोबर तज्ज्ञाला स्वतःचे प्रश्नही विचारू देणाऱ्या, निदान-मुलाखतीच्या तुलनेत १० या उंबरठ्यावर संवेदनशीलता ८८ टक्के आणि विशिष्टता ८५ टक्के निघाली, म्हणजे मूळ दावा बऱ्यापैकी टिकला. मूळ माहिती अशी गोळा करण्याचे एक कारणही जाणून घेण्यासारखे आहे: पूर्वीचे अनेक शोधनिबंध आपल्या नमुन्यात जे उंबरठे चांगले ठरले तेवढेच छापत आणि बाकीचे गाळत, त्यामुळे केवळ छापील निकालांची सरासरी काढली तर साधन आहे त्यापेक्षा वेगळे दिसते. साधन खुले असले तरी त्याचे निकाल निवडून दाखवता येतात, याचा हा पुरावाच आहे.

आता गुणवत्तेकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. बेरीज ही या प्रश्नावलीची सोय आहे आणि तीच तिची मोठी अडचण आहे. दोन माणसांच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पाहा. पहिली एक बाळंतीण समजा. झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालींतला मंदपणा या पाच प्रश्नांना तिने ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ असे उत्तर दिले, म्हणजे प्रत्येकी २ गुण. उदास वाटणे, रस नसणे आणि बाकीच्या प्रश्नांना शून्य. तिची बेरीज १० झाली आणि ती ‘मध्यम नैराश्या’च्या रकान्यात गेली, वास्तविक रात्री-अपरात्री उठून बाळाला पाजणारी कोणतीही स्त्री अशीच उत्तरे देईल, थायरॉइड मंदावलेल्या माणसाचेही तेच. दुसरा माणूस जवळजवळ रोज उदास आहे, कशातही रस नाही आणि आपण घरच्यांना तोंड दाखवण्याच्या लायकीचे उरलो नाही असे त्याला रोज वाटते, पण त्याची झोप, भूक आणि काम ठीक चालले आहे. त्याचे तीन त्रिक नऊ. तो उंबरठ्याच्या खाली राहिला आणि यादीतून सुटला. दोन्ही उत्तरपत्रिका काल्पनिक असल्या तरी गुणदानाच्या नियमात पूर्णपणे बसणाऱ्या आहेत.

निर्मात्यांना याची कल्पना नव्हती असे नाही. त्यांनी बेरजेबरोबर दुसरी एक पद्धतही दिली आहे: किमान पाच लक्षणे ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ असायला हवीत आणि त्यांत पहिल्या दोन प्रश्नांपैकी निदान एक असायलाच हवा, शेवटच्या प्रश्नाला मात्र कितीही कमी वेळा होकार आला तरी तो धरायचा. या पद्धतीने वरची बाळंतीण बाहेर पडते. म्हणजे त्याच उत्तरपत्रिकेवरून, दोन्ही नियम अधिकृत असताना, दोन निष्कर्ष निघू शकतात. असे असताना निबंधात केवळ ‘पीएचक्यू-९ वापरून नैराश्य तपासले’ एवढेच वाक्य असेल, तर वाचकाला नेमके काय मोजले हे कळायचा मार्ग उरत नाही. वास्तविक हे सांगायला एक ओळ पुरते, पण ती बहुधा नसते.

मोजमापाची माहिती अशी झाकली गेली की काय होते, याचे टोकाचे उदाहरण आक्रमकतेच्या संशोधनात आहे. प्रतिस्पर्ध्याच्या कानात कर्कश आवाज सोडण्याची मुभा देऊन सहभागीची आक्रमकता मोजणारी एक प्रयोगशाळेतली चाचणी अनेक वर्षे वापरात आहे. माल्टे एल्सन या जर्मन संशोधकाने त्या चाचणीवरचे निबंध गोळा केले, तेव्हा १३० प्रकाशनांत गुण काढण्याच्या १५६ वेगवेगळ्या पद्धती सापडल्या. निबंधांपेक्षा पद्धती जास्त! आवाजाची तीव्रता घ्यावी की कालावधी, दोन्हींचा गुणाकार करावा की सरासरी काढावी, पहिलीच फेरी धरावी की सगळ्या, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवले होते. जेसिका फ्लेक आणि आइको फ्रीड यांनी २०२० मध्ये अशा सवयींना ‘शंकास्पद मोजमाप-व्यवहार’ म्हटले आणि त्यातून सुटण्यासाठी काही साधे प्रश्न सुचवले: आपण नेमके काय मोजतो आहोत, हेच साधन का निवडले, त्यात काही बदल केला का, गुण कसे काढले. पीएचक्यू-९ या व्यवहारापासून बरीच सुरक्षित आहे, कारण तिचे नियम छापील आणि सर्वांना ठाऊक आहेत. पूर्ण सुरक्षित मात्र नाही.

सर्वांत मोठा गैरवापर आहे तो लोकसंख्येतले नैराश्याचे प्रमाण सांगण्यासाठी होणारा. ‘अमुक शहरातल्या चाळीस टक्के विद्यार्थ्यांना नैराश्य’ अशा बातम्या आपण वाचतो. त्यांच्यामागे बऱ्याचदा १० चा उंबरठा आणि ऑनलाइन फॉर्म एवढेच असते. साधा हिशेब करून पाहा. १०० माणसांत खरोखर नैराश्यग्रस्त १० असतील, तर ८८ टक्के संवेदनशीलतेने त्यांतले साधारण ९ सापडतील. उरलेल्या ९० निरोगी माणसांपैकी १५ टक्के, म्हणजे १३-१४ जण, चुकून उंबरठा ओलांडतील. एकूण २२-२३ जण ‘सापडले’, त्यांतले निम्म्याहून कमी खरे. हे केवळ कागदावरचे गणित नाही. लेव्हिस यांच्याच गटाने २०२० मध्ये ४४ अभ्यासांची माहिती एकत्र केली, तेव्हा अर्धसंरचित निदान-मुलाखतीनुसार नैराश्याचे प्रमाण १२.१ टक्के होते आणि पीएचक्यू-९ च्या १० गुणांनुसार २४.६ टक्के. प्रमाण दुप्पट दिसते ते साधन वाईट आहे म्हणून नव्हे. ही चाळणी चाचणी आहे. कोणाला पुढे तपासायचे एवढेच सांगणे हे तिचे काम, आणि ते ती चोख करते. किती जण आजारी आहेत हे मोजण्यासाठी ती बनलेलीच नाही.

साधन नीट वापरले की काय मिळते, याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. विक्रम पटेल आणि ‘संगात’ संस्थेच्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पीएचक्यू-९ वर १४ पेक्षा जास्त गुण असलेल्या ४९५ प्रौढ रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाला सुधारित नेहमीची सेवा आणि दुसऱ्याला त्याखेरीज प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून थोडक्यातले मानसोपचार मिळाले. इथे उंबरठा मुद्दाम वर ठेवला होता, म्हणजे सौम्य आणि चुकून सापडलेले रुग्ण कमी होतात. शिवाय तीव्रता मोजण्यासाठी बेक यांची २१ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली घेतली होती, ज्या साधनाने माणसे निवडली केवळ त्याच्याच भरवशावर परिणाम ठरवला नाही. तीन महिन्यांनी पीएचक्यू-९ वर १० च्या खाली आलेल्यांचे प्रमाण उपचारगटात ६४ टक्के आणि दुसऱ्या गटात ३९ टक्के होते. हा ३९ चा आकडा मला ६४ इतकाच मोलाचा वाटतो. विशेष मानसोपचार न मिळताही दहातली जवळजवळ चार माणसे उंबरठ्याखाली आली, कारण माणूस मदत घ्यायला येतो तो बहुधा त्रास टोकाला पोहोचलेला असताना, आणि त्यानंतर काही जणांचा त्रास आपोआपही उतरतो. तुलनेचा गट नसता तर हे सगळे श्रेय उपचाराच्या खात्यावर जमा झाले असते. विदर्भातही अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात पीएचक्यू-९ वापरली गेली. तिथला सर्वांत बोलका निकाल होता तो नैराश्याची लक्षणे असलेल्या लोकांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचा.

साधन आहे तसे वापरावे आणि तुलनेला दुसरा गट ठेवावा, नेमके हेच सूत्र बाजारातली अ‍ॅप विसरतात, किंवा विसरल्याचे दाखवतात. एका कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेले असे अ‍ॅप मी बारकाईने पाहिले. प्रश्न उघडउघड पीएचक्यू-९ चे होते, पण ‘गेल्या दोन आठवड्यांत’च्या जागी ‘सध्या’ असे आले होते, चार पर्यायांऐवजी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची सरकपट्टी होती, नववा प्रश्न गायब होता आणि शेवटी शंभरपैकी एक ‘मनःस्वास्थ्य गुणांक’ दिसत होता. तो कसा काढला हे विचारल्यावर ती आमची अंतर्गत पद्धत आहे, असे उत्तर आले. वरून दावा असा, की अ‍ॅप महिनाभर वापरणाऱ्यांचा गुणांक सुधारतो. कालमर्यादा, पर्याय, प्रश्नसंख्या आणि गुणदान असे चारही पाय बदलल्यावर त्याला पीएचक्यू-९ चे प्रमाणीकरण लागू होत नाही. तुलनेचा गट नसल्यामुळे सुधारणेचा दावाही हवेतच राहतो. मोफत आणि उघड साधन घेऊन त्याचे बंद पेटीतले, विकाऊ साधन करण्याची ही तऱ्हा संतापजनक आहे. नववा प्रश्न काढण्याला आक्षेप नाही, कारण आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ ही स्वतंत्रपणे तपासलेली आवृत्ती आहेच. मग तसे नाव तरी लिहावे.

आपल्याकडचे लघुशोधप्रबंध याहून प्रामाणिक असतात, पण अनेकदा तितकेच अपुरे. साधनांच्या प्रकरणात मूळ अमेरिकन अभ्यासातली अंतर्गत सुसंगती (सगळे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचे माप), म्हणजे ०.८६ आणि ०.८९ हे आकडे, उतरवले जातात आणि आपल्या नमुन्यातला आकडा द्यायचा राहून जातो. विश्वसनीयता ही साधनाच्या अंगात कायमची भिनलेली नसते. ती प्रत्येक नमुन्यात नव्याने पाहावी लागते. शिवाय ती चांगली आली म्हणून सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाते हे, सिद्ध होत नाही. इअन हसी आणि शॉन ह्यूज यांनी २०२० मध्ये सामाजिक आणि व्यक्तिमत्त्व मानसशास्त्रातल्या १५ प्रचलित साधनांची तपासणी केली, तेव्हा केवळ अंतर्गत सुसंगतीकडे पाहिले तर बहुतेक सगळी उत्तीर्ण होत होती. रचना, कालांतराने मिळणारी स्थिरता आणि स्त्री-पुरुष किंवा वेगवेगळ्या वयोगटांतली समतुल्यता हेही तपासले, तेव्हा मोजकीच उरली. मराठी फॉर्म वापरणाऱ्याने कोणता मजकूर घेतला, स्वतः शब्द बदलले का आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या सहभागींना प्रश्न कोणी वाचून दाखवले, हे लिहायलाच हवे. एकाग्रतेच्या प्रश्नात वर्तमानपत्र वाचण्याचे आणि टीव्ही पाहण्याचे उदाहरण आहे. शेतमजूर स्त्रीपुढे तो प्रश्न ठेवताना मुलाखतकार आपल्या मनाने उदाहरण बदलतो, आणि तो बदल प्रबंधात कुठेच उमटत नाही.

साधनाच्या स्वतःच्या रचनेतल्या उणिवाही आहेत. झोप कमी येणे आणि जास्त येणे, भूक मरणे आणि अति खाणे, मंदावणे आणि अस्वस्थ होणे, अशा विरुद्ध गोष्टी एकेका प्रश्नात कोंबल्या आहेत; त्यामुळे ३ गुण मिळाले तरी नक्की काय झाले ते कळत नाही. लांबी कमी ठेवण्यासाठी दिलेली ही किंमत आहे आणि डॉक्टरांच्या खोलीत ती परवडते, कारण तिथे पुढचा प्रश्न विचारता येतो. संशोधनाच्या तक्त्यात परवडत नाही. फ्रीड यांनी २०१७ मध्ये नैराश्याच्या सात प्रचलित मापनश्रेणींची तुलना केली, तेव्हा त्यांत मिळून ५२ वेगवेगळी लक्षणे निघाली; ४० टक्के लक्षणे फक्त एकाच श्रेणीत होती आणि सातही श्रेणींत असलेली जेमतेम १२ टक्के. म्हणून पीएचक्यू-९ वर आलेला निष्कर्ष बेक किंवा हॅमिल्टनच्या श्रेणीवरही तसाच येईल, असे गृहीत धरता येत नाही.

पैशाच्या बाजूविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. ही प्रश्नावली फायझर या औषधकंपनीच्या अर्थसाहाय्याने तयार झाली आणि नैराश्यावरचे सर्ट्रालीन हे औषध याच कंपनीने बाजारात आणले होते. उंबरठा जितका खाली, तितके रुग्ण जास्त, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तरीही अर्थसाहाय्य जाहीर आहे, साधन खुले आहे आणि स्वतंत्र गटांनी ते तपासले आहे, त्यामुळे या संबंधापायी ते मोडीत काढावे असे मला वाटत नाही. बेक यांची प्रश्नावली अधिक तपशीलवार आहे, पण ती पिअर्सनकडून विकत घ्यावी लागते. विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला ते न परवडल्याने छायाप्रतींचा जो चोरटा व्यवहार चालतो, त्यापेक्षा मोफत आणि नियमात बसणारे साधन केव्हाही चांगले.

थोडक्यात, दवाखान्यात पहिली चाचपणी करायला आणि एकाच रुग्णाची प्रगती पाहायला मी हे साधन निःशंकपणे सुचवेन. साधारण ५ गुणांचा फरक हा दखल घेण्याजोगा मानला जातो. सर्वेक्षणात वापरायचे असेल तर १० च्या वर गेलेल्यांपैकी काहींची तरी निदान-मुलाखत घ्यावी, नाहीतर ‘नैराश्याचे प्रमाण’ हे शब्द मथळ्यात घालू नयेत. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी त्या माणसाशी बोलण्याची व्यवस्था अभ्यास सुरू करण्यापूर्वीच हवी. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फॉर्मवर छापणे हे त्यातले अगदी किमान पाऊल झाले. आणि पानाच्या तळाशी असलेला तो बिनगुणांचा दहावा प्रश्न गाळू नये. या त्रासामुळे काम करणे, घर सांभाळणे किंवा लोकांशी जमवून घेणे किती अवघड झाले, असे तो विचारतो. त्याचे उत्तर बेरजेत येत नाही, म्हणून संगणकात भरताना तो रकाना सोडून दिला जातो. वरची बाळंतीण आणि तो नऊ गुणांचा माणूस यांच्यातला फरक मात्र कित्येकदा याच रकान्यात दिसतो.